साथीदाराचे ऋण

यवतमाळच्या दुर्गोत्सवात एखाद्या मांडवात गाणे रंगले की टाळ्या गायकाच्या वाट्याला येतात. तबलजीचे नाव बहुधा शेवटी, घाईघाईने उच्चारले जाते. हे ऐकले की उस्ताद अहमदजान थिरकवा यांची आठवण होते.

मुरादाबादेत जन्मलेल्या या वादकाची तालीम झाली ती मुंबईस, मुनीरखाँ यांच्यापाशी. तबल्यावर नाचणारी त्यांची बोटे पाहून मुनीरखाँचे वडील काळे खाँ यांनी त्यांस ‘थिरकवा’ म्हटले, असे सांगतात. मुनीरखाँनी अनेक उस्तादांकडून मिळविलेली विद्या या शिष्याच्या हाती आली. पेशकार, कायदा, रेला यांचा क्रमाने विस्तार करीत थिरकवांनी स्वतंत्र तबलावादनास मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले.

असा समर्थ कलावंत गंधर्व नाटक मंडळीत कित्येक वर्षे बालगंधर्वांच्या साथीस बसला. नाट्यपदाला साथ करताना आपली विद्या आवरावी लागते. शब्द बुडू न देता लय राखावी लागते. हा संयम म्हणजे दुय्यमपणा नव्हे, ती विद्येची कसोटीच होय. शिवाय या वादनाचा लाभ झाला तो तिकीट काढून पिटात बसणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला, विद्यार्थ्याला. दरबाराचे दार ज्यांना कधीच उघडले नसते, त्यांचा कान नाटकगृहात तयार झाला.

पुढे त्यांना रामपूर दरबारचा आश्रय लाभला. नंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९७० साली ते पद्मभूषण झाले आणि १३ जानेवारी १९७६ रोजी निवर्तले. निखिल घोष, लालजी गोखले यांच्यासारख्या शिष्यांनी त्यांची विद्या महाराष्ट्रात राखली.

आज तो दरबार नाही, ती नाटक मंडळीही नाही. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन गेले तेव्हा साऱ्या जगाने शोक केला. परंतु त्या कीर्तीने तालुक्याच्या गावातील तबलजीची चूल पेटत नाही. त्याचा आश्रयदाता आता आपणच. वणी, पुसद, दारव्हा येथील उत्सव मंडळांनी त्याची बिदागी आधी ठरवावी, पत्रिकेत त्याचे नाव गायकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. शाळांनी आठवड्यातून एक तास त्याच्या हाती द्यावा. पिटातल्या श्रोत्यांवरील ऋण याहून सोप्या मार्गाने फिटणार नाही.