जिल्ह्याएवढ्या मुलखाचा क्लब
लेखमाला : मैदान आणि मुलूख (लेखांक ६)

आधी आकडे बघू. वर्धा जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण ६,३०० चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १३ लाख. गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. आष्टी-कारंज्यापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंतचा आपला आठ तालुक्यांचा जिल्हा घेतला, तर त्याच्या जेमतेम साठ टक्के जागेत ते अख्खं राज्य मावतं. माणसं तेवढी थोडी जास्त. एवढ्याशा मुलखातला एक फुटबॉल क्लब, एफसी गोवा, एप्रिल २०२१मध्ये आशियातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेत इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध उतरला. त्या दिवशी क्लबाला सात वर्षंही पुरी झाली नव्हती.

गेल्या आठवड्यात आपण महिंद्रा युनायटेड आणि पुण्याच्या क्लबांचा शेवट पाहिला. तिथे माणसं होती, कारखाने होते, पैसाही होता, तरी एकेक क्लब मिटत गेला. ‘एफसी पुणे सिटी’ तर एफसी गोवाबरोबरच, २०१४मध्ये जन्मला आणि २०१९मध्ये संपला. मग त्याच लीगमध्ये, त्याच नियमांत गोव्याचा क्लब कसा तगला? ‘गोव्याच्या रक्तातच फुटबॉल आहे’ हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. रक्तात असतं तर तिथले जुने क्लबही जगले असते.

जुन्या क्लबांपासूनच सुरुवात करायला हवी. गोव्यात हा खेळ १८८३मध्ये बार्देशातल्या शिवोलीला आला, फादर विल्यम लायन्स या पाद्रींबरोबर. पुढे शाळांतून आणि चर्चच्या आवारांतून तो गावोगाव पसरला. भाताची कापणी झाली की रिकामी शेतं मैदानं व्हायची. साष्टी तालुक्यात गावागावांच्या स्पर्धा अशा चुरशीच्या, की एका गावचा गोलरक्षक दुसऱ्या गावात लोक नावानिशी ओळखायचे. १९८३-८४मध्ये ब्रह्मानंद शंखवाळकरच्या नेतृत्वाखाली गोव्याने संतोष करंडक पहिल्यांदा एकट्याने जिंकला, तोही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता.

या खेळाला पगार मिळाला तो खाणींमुळे. धेंपो, साळगांवकर, सेसा ही क्लबांची नावं म्हणजे लोहखनिजाच्या धंद्यातली नावं. धेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा देशाची लीग जिंकली. साळगांवकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनी, त्याआधीचं-नंतरचं धरून, प्रत्येकी दोनदा. मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या कोलकात्याला त्या काळात गोव्याने अक्षरशः घाम फोडला होता. पण हे क्लब घराण्यांचे होते. मालकाची हौस आणि धंद्याची बरकत, या दोन खांबांवर सगळा डोलारा. २०१२मध्ये गोव्यातलं खाणकाम बंद पडलं आणि फुटबॉलवरचा खर्चही हात आखडून होऊ लागला.

नेमक्या त्याच सुमारास इंडियन सुपर लीग आली. आयपीएल ज्यांनी पाहिलंय त्यांना तिची रचना समजावून सांगायला नको. शहर किंवा राज्य लिलावात निघायचं, बोली लावणारा दरवर्षी फी भरायचा आणि त्या नावाचा संघ उभा करायचा. गुणतक्त्यात तळाला राहिलं तरी खालच्या श्रेणीत घसरण नव्हती. गोव्याचा संघ २०१४मध्ये घेतला तो व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत, दत्तराज साळगांवकर आणि श्रीनिवास धेंपो यांनी. थोड्याच दिवसांत विराट कोहलीही भागीदार झाला. म्हणजे ज्या घराण्यांचे जुने क्लब होते, त्यांतल्या दोघांनी नव्या क्लबाचाही पाया घातला. प्रशिक्षक म्हणून आला ब्राझीलचा झिको. घरचं मैदान मडगावजवळचं फातोर्डा, १९८९चं, आणि नुकतंच ल्युसोफोनिया खेळांसाठी डागडुजी करून सज्ज झालेलं. बोधचिन्हावर गोव्याचा राज्यप्राणी गवा.

संघात होते लक्ष्मीकांत कट्टीमणी, क्लिफर्ड मिरांडा, रोमिओ फर्नांडिस, मंदार राव देसाई. हे सगळे धेंपोचे. धेंपोचे प्रशिक्षक आर्थर पापासच झिकोचे सहायक. माझ्या मते पहिल्या दोन वर्षांचा एफसी गोवा म्हणजे नव्या सदऱ्यातला धेंपो, वर ब्राझीलची फोडणी. पण त्यामुळेच हा संघ पहिल्या दिवसापासून उपरा वाटला नाही. पुण्या-दिल्लीचे संघ कागदावर जन्मले आणि प्रेक्षक शोधत बसले. इथे फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला डाव्या बगलेवरचा पोरगा कुठल्या गावचा हे ठाऊक होतं. पहिल्या वर्षी उपांत्य फेरी गाठली, तिथे कोलकात्याकडून पेनल्टीवर हार. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई सिटीला ७–० धुतलं. डुडू आणि हाओकिप, एकाच सामन्यात दोघांच्या हॅट्ट्रिक.

आणि मग २० डिसेंबर २०१५. अंतिम सामना, फातोर्ड्यावरच, समोर चेन्नईयिन. १–१ अशी बरोबरी असताना ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा पुढे गेला. तीन मिनिटं उरली होती. ९०व्या मिनिटाला कट्टीमणीच्या हाताला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला, २–२. भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा मारला आणि करंडक चेन्नईला गेला. स्टेडियममध्ये लोक आनंदाने उठून उभे राहिले होते, त्यांना पुन्हा बसायलाही वेळ मिळाला नाही. पुढचं त्याहून वाईट. मैदानावर बाचाबाची झाली, चेन्नईयिनचा एलानो आणि गोव्याचे मालक यांचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. लीगच्या समितीने गोव्याला ११ कोटींचा दंड ठोठावला, पुढच्या हंगामातले १५ गुण कापले आणि मालकांवर बंदी घातली. गुणांची कपात नंतर अपिलात रद्द झाली, पण २०१६मध्ये संघ मैदानावरच्या खेळानेच तळाला गेला. झिको परतला. मालकी बदलून डेल्टा कॉर्पच्या जयदेव मोदींकडे गेली. खाणींचा पैसा गेला आणि कॅसिनोचा आला, असंही म्हणता येईल. गोव्याच्या अर्थकारणाचा प्रवास त्या काळात तसाच चालला होता.

त्याच २०१६मध्ये धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग या देशाच्या जुन्या लीगमधून माघार घेतली. देशाचा फुटबॉल महासंघ सुपर लीगला देशाची पहिली लीग करणार आणि आय-लीग खाली ढकलणार, तीही वर चढायची वाट न ठेवता, असा आराखडा समोर आला होता. पाचदा देश जिंकलेल्या क्लबाने कशासाठी खेळायचं? नव्या क्लबाचा इतिहास लिहिताना ही बाजू सहसा गाळली जाते. एफसी गोवा ज्या विटांनी बांधला गेला, त्या शेजारच्या घराच्या भिंतीतून काढलेल्या होत्या.

क्लबाचा खऱ्या अर्थाने स्वतःचा इतिहास मी २०१७पासून मोजतो. त्या वर्षी बार्सिलोनाच्या मुशीतला सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक झाला. गोलरक्षकापासून छोट्या पासांनी चेंडू पुढे न्यायचा, लांब भिरकवायचा नाही, हे त्याचं सूत्र. पुढे गोल करायला फेरान कोरोमिनास, लोकांचा ‘कोरो’. तीन हंगामांत ५७ सामने, ४८ गोल. २०१९च्या मार्चमध्ये पुन्हा अंतिम सामना आणि पुन्हा हार, यावेळी बंगळूरुकडून, जादा वेळेच्या ११७व्या मिनिटाला. महिनाभरातच भुवनेश्वरला चेन्नईयिनला २–१ हरवून सुपर कप मिळाला. तो क्लबाचा पहिला करंडक.

त्यापुढचा हंगाम नीट समजून घ्यायला हवा. तोवर लीगमध्ये साखळीत पहिलं येऊन उपयोग नव्हता, बक्षीस बाद फेरीच्या विजेत्याला. २०१९-२० पासून साखळीत अव्वल येणाऱ्याला वेगळी शील्ड ठेवली गेली. आशियाई महासंघाने २०२१च्या चॅम्पियन्स लीगमध्ये संघ वाढवले, त्यात भारताला गटफेरीची थेट जागा मिळाली आणि ती या शील्डच्या मानकऱ्याला द्यायची ठरली. ३१ जानेवारी २०२०ला, तीन सामने बाकी असताना, क्लबाने लोबेराला काढलं. संघ वरच्या क्रमांकांवर असताना! सूत्रं आली क्लिफर्ड मिरांडाकडे, धेंपोत वाढलेल्या घरच्याच माणसाकडे. तिन्ही सामने जिंकले. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरमध्ये ५–० असा विजय आणि शील्ड गोव्याची. चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट पोचलेला पहिला भारतीय क्लब. लोबेरा मग मुंबई सिटीला गेला, त्याच्या मागोमाग बूमूस, जाहू, फाल आणि मंदारही. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईला शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकून दिले, शिवाय उपांत्य फेरीत गोव्याला पेनल्टीवर बाद केलं. मोठा खिसा शेजारी असला की असं होतं.

चॅम्पियन्स लीगचे सहाही गटसामने करोनामुळे फातोर्ड्यावरच झाले, रिकाम्या स्टेडियममध्ये, १४ ते २९ एप्रिल. देशात दुसरी लाट उसळलेली, त्यामुळे बातम्यांत याला जागा कुठली? पहिल्या सामन्यात कतारच्या अल रय्यानशी ०–०, नंतर अल वहदाशी ०–०. पर्सेपोलिस म्हणजे आदल्या वर्षीचा उपविजेता. त्याच्याविरुद्ध ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर एदु बेदियाने डोक्याने गोल केला आणि काही मिनिटं का होईना, गोवा पुढे होता. सामना २–१ने गेला, परतीचा ४–०ने. एकूण तीन गुण, एकही विजय नाही, तरी गटात तिसरे. अल रय्यान त्यांच्या खाली.

आकड्यांपेक्षा मला संघाची यादी बोलकी वाटते. या स्पर्धेत एका वेळी चारच परदेशी चालत. सुपर लीगच्या सुरुवातीला सहा परदेशी मैदानावर असायचे, म्हणजे निम्म्याहून अधिक संघ बाहेरचा. चारवर आल्यावर उरलेल्या सात जागा कोण भरणार, हा प्रश्न भल्याभल्या क्लबांना पडला असता. गोव्याकडे सेरिटन फर्नांडिस, सेव्हियर गामा, ग्लॅन मार्टिन्स, ब्रँडन अशी घरची पोरं हाताशी होती. गोलात मणिपूरचा विशीतला धीरज सिंग, ज्याने त्या पंधरवड्यात गोळ्या झेलाव्या तसे चेंडू झेलले. एवढी माणसं एका क्लबाने सात वर्षांत घडवलेली नाहीत. ती गावच्या स्पर्धांनी, शाळांनी आणि त्याच मागे पडलेल्या जुन्या क्लबांनी घडवलेली.

म्हणून वर्धेकर वाचकाने क्षेत्रफळ बघून हुरळून जाऊ नये. आपल्याकडे स्वावलंबीच्या मैदानावर सभा भरतात, साहित्य संमेलन भरलं. फुटबॉलसाठी तिथे गर्दी लोटलेली मी कधी पाहिली नाही. उद्या कुणी धनिकाने ‘एफसी वर्धा’ काढला, तर पहिल्या वर्षी मैदानावर कोण उतरेल? अकराच्या अकरा विकत आणावे लागतील, आणि मग पुण्याचं झालं तेच. प्रत्यक्ष बघायचंच असेल, तर रेल्वेने मडगावला उतरलं की फातोर्डा जवळच.

त्यानंतरचं थोडक्यात. ऑक्टोबर २०२१मध्ये कोलकात्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगला हरवून ड्युरँड कप. मे २०२५मध्ये मानोलो मार्केझच्या हाताखाली दुसरा सुपर कप आणि त्या जोरावर पुन्हा आशियाई स्पर्धा, यावेळी दुसऱ्या दर्जाची. २२ ऑक्टोबर २०२५ला सौदीचा अल नासर फातोर्ड्यावर आला. रोनाल्डो येणार म्हणून गोवाभर हवा होती, तो आलाच नाही. गोवा १–२ हरला, पण तो एक गोल ब्रायसन फर्नांडिस या घरच्या पोराचा.

७ डिसेंबरला त्याच मैदानावर ईस्ट बंगालला पेनल्टीवर ६–५ हरवून सुपर कप राखला. दुसऱ्याच दिवशी महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपला. नवा करार झालेला नव्हता. वर्षाचा हंगाम तोवर सुरूच व्हायचा होता. करंडक जिंकलेल्या खेळाडूंना पुढचा लीग सामना कधी हे कुणी सांगू शकत नव्हतं. फ्रँचायझीत जन्मलेल्या क्लबाची गोम ही: लीग थांबली की तोही थांबतो. साष्टीतल्या गावच्या संघांना असल्या कराराची गरज कधीच पडली नव्हती.

असाच कराराविना चालणारा फुटबॉल महाराष्ट्रातही आहे, तोही घसघशीत. कोल्हापुरात एकही व्यावसायिक क्लब नसताना पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याला शाहू स्टेडियम कसं भरतं, ते पुढच्या आठवड्यात.