संगणकाची निवड : वीज, ऊन आणि अंतर

घरांत संगणक असावा कीं नसावा, हा वाद आतां मिटला आहे. उरला आहे तो प्रश्न निराळा. मुलाला अगर मुलीला आज्ञावली लिहिण्याचें, म्हणजे सॉफ्टवेअरचें, काम शिकावयाचें असेल तर घरीं कोणता संगणक आणावा? मांडीवर घेऊन बसतां येणारा लॅपटॉप, कीं मेजावर ठाण मांडून राहणारा डेस्कटॉप? पुण्या-मुंबईच्या माणसाला याचें उत्तर दुकानांत मिळतें. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील कुटुंबाला तें तेथें पुरतें मिळत नाहीं. कारण दुकानांतील पाटीवर यंत्राचे गुण लिहिलेले असतात, पण तें यंत्र ज्या घरांत नांदावयाचें त्या घराचे गुण तेथें लिहिलेले नसतात. शिवाय बहुतेक घरीं हा खर्च एकदांच होतो. धानाच्या चुकाऱ्यांतून, भविष्यनिर्वाह निधींतून किंवा कर्जाच्या रकमेंतून आलेलें यंत्र चार-पांच वर्षें टिकलेंच पाहिजे. तें दुसऱ्या वर्षीं कुरकुरूं लागलें तर नुकसान केवळ पैशांचें होत नाहीं. एका मुलाचें शिक्षण ऐन मोक्याला लंगडें पडतें.

प्रथम कामाचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. आज्ञावली म्हणजे शेवटीं मजकूरच. तो नुसता टंकण्यास कोणताहि साधा संगणक पुरतो. यंत्राचा कस लागतो तो त्यानंतर. लिहिलेल्या मजकुराचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करावें लागतें. त्यासाठीं जी आज्ञावली राबते तिला कंपायलर म्हणतात. त्याच वेळीं ब्राउझरचीं दहा-वीस पानें उघडीं असतात, एखादा डेटाबेस मागें चालू असतो, आणि मोबाइलवरील ॲप तयार करावयाचें असेल तर एमुलेटर, म्हणजे संगणकाच्या पोटांत चालणारा नकली मोबाइल, हाहि सुरू ठेवावा लागतो.

हा सारा भार यंत्राच्या तीन अंगांवर पडतो. धानाच्या मुलखांत त्यांची ओळख खळ्याच्या दृष्टान्तानें चटकन पटेल. प्रोसेसर म्हणजे मळणी करणारा मजूर, रॅम म्हणजे खळें आणि एसएसडी म्हणजे कोठार. मजूर कितीहि चपळ असला तरी खळें लहान असेल तर पेंढ्या आंत-बाहेर नेण्यांतच त्याचा दिवस जातो. रॅम अपुरी पडली कीं संगणकाचें नेमकें हेंच होतें : चालू कामांतील कांहीं भाग तो एसएसडीवर टाकतो, लागेल तेव्हां पुन्हां उचलून आणतो, आणि समोर बसलेला विद्यार्थी वाट पाहत राहतो. म्हणून पैसा आधीं रॅमवर खर्चावा. पायथन किंवा सी या भाषांचा अभ्यास आणि साधीं वेबपानें यांना ८ गिगाबाइट रॅम चालते. एमुलेटर किंवा डॉकर यांसारखीं साधनें वापरावयाचीं असतील तर १६ गिगाबाइटांच्या खालीं जाऊं नये. कोठार ५१२ गिगाबाइटांचें असावें व तें एसएसडीच असावें. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क त्या मानानें फारच मंद असते. प्रोसेसर अलीकडच्या तीन-चार वर्षांतील, मध्यम प्रतीचा असला म्हणजे पुरे. खेळांसाठीं बनविलेले भपकेबाज लॅपटॉप विद्यार्थ्यांच्या गळ्यांत पुष्कळदां पडतात. त्यांतील ग्राफिक्स कार्ड कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगांना किंवा खेळ तयार करण्यास उपयोगी पडतें. एरवीं त्यामुळें किंमत, वजन आणि उष्णता हीं तिन्ही वाढतात. आयफोनचीं ॲपें तयार करावयाचीं झाल्यास मात्र ॲपल कंपनीचाच संगणक लागतो, हा एक अपवाद ध्यानांत ठेवावा.

हे झाले यंत्राचे गुण. आतां घराचे. त्यांत पहिला प्रश्न विजेचा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. एवढी वीज ज्या जिल्ह्यांत निपजते त्याच्या शेजारीं वीज जाण्याची चिंता करावी लागावी, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. परंतु वीज निपजणें निराळें आणि ती घरापर्यंत पोंचणें निराळें. गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनानें व्यापलेला आहे. तेथें तारा मैलोगणती झाडींतून जातात. वळवाच्या वादळांत एक मोठी फांदी तारेवर आली कीं पुढचीं गांवें अंधारांत जातात, आणि मोडलेली जागा शोधून काढण्यासच वेळ लागतो.

यासाठीं घरगुती इन्व्हर्टरचा हिशेब करून पाहावा. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. गळती वजा जातां, आणि बॅटरी तळापर्यंत न उपसतां, त्यांतील सुमारें १,२०० वॉट-तास हातीं लागतात. एका पंख्याचे ७० व एका दिव्याचे २० मिळून ९० वॉट धरावे. त्यांत पडद्यासह डेस्कटॉपचे १०० वॉट मिळविले तर एकूण १९० वॉटांवर सुमारें सव्वासहा तास निघतील. डेस्कटॉपच्या जागीं लॅपटॉपचे ४० वॉट धरले तर एकूण १३० वॉटांवर सव्वानऊ तास निघतील. आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीचे तीन-चार तास हे वरकड. दुसरी गोष्ट : वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत क्षणाचा खंड पडतो. लॅपटॉपला त्याची खबरहि लागत नाहीं. डेस्कटॉप मात्र तेवढ्यांत बंद पडूं शकतो आणि न साठविलेलें काम नाहींसें होतें. त्यामुळें इन्व्हर्टरला यूपीएसची सोय असेल तर त्याची कळ तिकडे वळवावी. ती नसेल तर डेस्कटॉपसाठीं लहानसा यूपीएस वेगळा घ्यावा. त्यानें फार तर दहा-पंधरा मिनिटें मिळतात. पण काम साठवून यंत्र रीतसर बंद करण्यास तेवढीं पुरतात. यूपीएसची किंमत डेस्कटॉपच्या किंमतींतच धरावी. यूपीएसवांचून डेस्कटॉप म्हणजे कुलुपावांचून कोठार.

विजेच्या बाबतींत लॅपटॉपची सरशी झाली. उन्हाच्या बाबतींत तराजू उलट झुकतो. मे २०१९ मध्यें चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरांत गेला होता. बहुतेक कंपन्या आपल्या लॅपटॉपसाठीं भोंवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सांगतात. उन्हाळ्याच्या दुपारीं येथील कौलारू किंवा पत्र्याच्या घरांत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. प्रोसेसरचें तापमान म्हणजे खोलीचें तापमान अधिक कामानें चढलेली उष्णता. २८ अंशांच्या खोलींत जो प्रोसेसर ८५ अंशांपर्यंत चढतो, तोच ४२ अंशांच्या खोलींत शंभराच्या उंबरठ्यावर जातो. आणि तेथें पोंचतांच आपला जीव वांचविण्यासाठीं तो आपण होऊन वेग कमी करतो. म्हणजे अधिक पैसे मोजून घेतलेला वेग मे महिन्यांत वापरतां येत नाहीं. डेस्कटॉपची पेटी ऐसपैस असते, पंखे मोठे असतात, त्यामुळें उष्णता लवकर निघून जाते. शिवाय त्यांत बॅटरी नसते. लॅपटॉपची लिथियमची बॅटरी उन्हानें आणि सतत पूर्ण भरलेली राहिल्यानें लवकर म्हातारी होते. पुष्कळ लॅपटॉपांत ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय असते. ती प्रारंभींच सुरू करून ठेवावी.

या भागांत उन्हाळ्यांत घरोघर वाळ्याचा कूलर असतो. खोली थंड करण्यास तो उत्तम, पण त्याचा ओला झोत सरळ यंत्रावर येऊं देऊं नये. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवल्यास त्याचें खालचें हवेचें तोंड बंद होतें. तो नेहमीं मेजावर किंवा निदान लांकडी फळीवर ठेवावा. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यांत कोळशाची धूळ असते. ती पंख्यांच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर बसते. डेस्कटॉपची पेटी उघडून ती घरच्या घरीं तीन-चार महिन्यांनीं झाडतां येते. लॅपटॉपला बहुधा जाणता कारागीर लागतो. उन्हाळ्यांत येथील शाळा सकाळच्या होतात. यंत्रावरील जड कामालाहि तीच वेळ लावून घ्यावी.

तिसरा प्रश्न अंतराचा. डेस्कटॉप हा सुट्या भागांचा संसार आहे. वीजपुरवठ्याची पेटी जळली, रॅमची पट्टी बिघडली, तर तेवढाच भाग बदलतां येतो, आणि ते भाग चंद्रपुरांत किंवा नागपुरांत कोणत्याहि बऱ्या दुकानीं मिळतात. लॅपटॉपचा मुख्य पट बिघडला तर बहुधा सारें यंत्रच कंपनीच्या केंद्राकडे जातें. गडचिरोलीहून भामरागड दीडशें किलोमीटरांहून दूर आहे, आणि पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ताच तुटतो. अशा ठिकाणीं दुरुस्तीला गेलेलें यंत्र केव्हां परत येईल याचा नेम नसतो. म्हणून लॅपटॉप घेतांना घरीं येऊन दुरुस्ती करण्याची हमी मागावी. आणि ती आपल्या पिनकोडाला लागू आहे काय, हें पैसे देण्यापूर्वीं लेखी विचारून घ्यावें. त्याचप्रमाणें रॅम व एसएसडी पुढें वाढवितां येतात काय, हेंहि विचारावें. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम पटावरच डाख देऊन बसविलेली असते; अशा यंत्रांत आज ८ गिगाबाइट घेतली तर जन्मभर ८ गिगाबाइटच राहते.

चौथा प्रश्न यंत्राचा नव्हे, माणसाचा. चंद्रपूरचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ सालीं निघालें आणि गडचिरोलीचें गोंडवाना विद्यापीठ २०११ सालीं. या दोन जिल्ह्यांतील मुलांमुलींना आतां गांवाच्या जवळच उच्च शिक्षण मिळूं शकतें. तरीहि पुष्कळांना वसतिगृहांत राहावें लागतें, आणि उमेदवारीसाठीं व नोकरीसाठीं नागपूर, पुणें, हैदराबाद गांठावें लागतें. ज्याचा बिछाना वर्षांत तीनदां हलणार त्याला डेस्कटॉप देणें म्हणजे त्याच्या गळ्यांत लोढणें अडकविण्यासारखें आहे. उलट जी मुलगी घरीं राहूनच काम करणार आहे, किंवा ज्या घरीं दोन भावंडें आळीपाळीनें बसणार आहेत, तेथें मोठ्या पडद्याचा डेस्कटॉप त्याच पैशांत अधिक काम देतो आणि डोळ्यांना व मानेला सुख देतो.

जुनें यंत्र घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र तें पारखून घ्यावें. कार्यालयांतून उतरलेले डेल लॅटिट्यूड किंवा लेनोव्हो थिंकपॅड या जातीचे लॅपटॉप अंगानें दणकट असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीहून जुन्या प्रोसेसरांना विंडोज ११ सहसा मानवत नाहीं. तेव्हां पिढी पाहूनच सौदा करावा. त्याहून जुनें यंत्र हातीं आलेंच तर त्यावर लिनक्स घालावें. तें विनामूल्य आहे, आणि आज्ञावली शिकणाऱ्यास त्याची ओळख करून घ्यावीच लागते.

या सर्वांचा निष्कर्ष असा. मुलगा वा मुलगी बाहेरगांवीं शिकणार असेल, किंवा घर दुर्गम तालुक्यांत असून वीज वारंवार जात असेल, तर १६ गिगाबाइट रॅमचा, कमी वीज खाणारा मध्यम लॅपटॉप घ्यावा आणि वांचलेल्या पैशांतून घरच्या मेजासाठीं एक साधा मोठा पडदा व कळफलक घ्यावा. घर चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा यांसारख्या शहरांत असून काम एकाच जागीं होणार असेल, तर यूपीएससह डेस्कटॉप घ्यावा. तो उन्हाला अधिक टिकेल आणि तुकड्या-तुकड्यानें दुरुस्त होईल. पैसा अगदींच बेताचा असेल तर कसोशीनें पारखलेला जुना लॅपटॉप घ्यावा, पण रॅममध्यें काटकसर करूं नये.

आणि यंत्र कोणतेंहि असो, त्यावर केलेलें काम त्या एकट्याच्या हवालीं ठेवूं नये. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं तयार केलेलें गिट हें साधन लिहिलेल्या मजकुराची प्रत्येक आवृत्ति जपून ठेवतें, आणि जाळें मिळेल तेव्हां ती दूरच्या संगणकावर पाठवितां येते. दिवसभर जाळें नसलें तरी काम अडत नाहीं. तें आलें म्हणजे सगळें एकदम रवाना करावें. ही संवय पहिल्या दिवसापासून लागली तर वीज कडाडून यंत्र जळालें तरी जळतें तें यंत्रच; काम शिल्लक राहतें. खरेदीला निघतांना घरच्यांनीं चार प्रश्न कागदावर लिहून बरोबर न्यावे : रॅम पुढें वाढेल काय, दुरुस्ती घरीं येऊन होईल काय, वीज गेल्यावर किती वेळ निघेल, आणि मे महिन्यांत हें यंत्र कोणत्या खोलींत राहील. पहिल्या दोहोंचीं उत्तरें दुकानदारानें द्यावयाचीं आहेत; उरलेल्या दोहोंचीं आपणच.