त्रैक्याचा दृष्टान्त : सत्-चित्-आनंद आणि त्याची मर्यादा

आधुनिक भारतीय ख्रिस्ती धर्मविचाराच्या इतिहासात बंगळुरूचे स्थान महत्त्वाचे आहे. १९५७ साली तेथे सुरू झालेल्या ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ रिलिजन अँड सोसायटी’ या संस्थेच्या ग्रंथमालांतून एकोणिसाव्या शतकातील भारतीय ख्रिस्ती विचारवंतांचे पुनर्वाचन घडून आले. १९६९ साली काई बागो यांनी ब्रह्मबांधव उपाध्याय यांच्यासारख्या प्रवर्तकांवर, तर बळवंत पराडकर यांनी निळकंठशास्त्री (पुढे फादर नेहेम्या) गोरे यांच्या धर्मविचारावर ग्रंथ लिहिले. ख्रिस्ती त्रैक्य भारतीय वाचकास समजावून देताना कोणता दृष्टान्त घ्यावा व तो कोठवर ताणावा, हा प्रश्न या परंपरेत वारंवार उपस्थित होतो.

मूळ सिद्धान्त असा : ईश्वर एक आहे, पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे प्रत्येकी पूर्णतः ईश्वर आहेत, तथापि पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे पवित्र आत्मा नव्हे. प्रचारात सर्वाधिक रुळलेला दृष्टान्त पाणी, बर्फ आणि वाफ यांचा. त्यात एकच द्रव्य तीन अवस्था पालटते. म्हणजे पिता, पुत्र व आत्मा ही एकाच ईश्वराची आळीपाळीने घेतलेली रूपे ठरतात. तिसऱ्या शतकातील सबेलियसच्या नावाने ओळखला जाणारा आणि चर्चने त्याज्य ठरविलेला पक्ष नेमका हाच होय. विशिष्ट दाबाखाली ०.०१ अंश सेल्सिअसला या तिन्ही अवस्था एकत्र नांदतात, असा बचाव हल्ली केला जातो. परंतु तेव्हा पाण्याचा एक अंश बर्फ, दुसरा वाफ आणि तिसरा द्रव असतो. एक दोष टाळावा तर दुसरा पदरी पडतो, कारण आता ईश्वराचे तीन तुकडे झाले.

मराठी वाचकास त्रिमूर्तीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेथे मात्र उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कार्यांची वाटणी आहे. ख्रिस्ती मतानुसार सृष्टीविषयक प्रत्येक कार्य तिघांचे मिळून एकच असते. दत्तात्रेयाच्या त्रिमुखी मूर्तीत ऐक्य अधिक ठसठशीत दिसते खरे, पण मुखे देहाचे अवयव आहेत, आणि पिता हा ईश्वराचा अवयव नव्हे.

या तुलनेत सत्-चित्-आनंद हे पद अधिक खोल जाते. केशवचंद्र सेन यांनी १८८२ च्या कलकत्त्यातील व्याख्यानात ते त्रैक्याशी जोडले, आणि उपाध्यायांनी १८९८ मध्ये सच्चिदानंदाला वंदन करणारे संस्कृत स्तोत्र रचले. पुढे १९५० साली तमिळनाडूत स्थापन झालेल्या शांतिवनम् आश्रमानेही सच्चिदानंद हेच नाव घेतले. मात्र या पदाची मराठीतील सर्वांत कसून केलेली चिकित्सा ख्रिस्ती ग्रंथांत नाही. ती ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’च्या पाचव्या प्रकरणात आहे. सत्ता, प्रकाश आणि सुख हे तीन शब्द वस्तूत भेद करीत नाहीत, हे सांगण्यासाठी ज्ञानेश्वर सोन्याची कांती व काठिण्य, तसेच कापराची शुभ्रता, गंध व मार्दव यांकडे बोट दाखवितात. कापूर हाती घेतला की तिन्ही एकदमच हाती येतात. पुढे तर ते म्हणतात की हे शब्द असत्, जड आणि दुःख यांचे केवळ निवारण करतात. वस्तूला ते स्पर्श करीत नाहीत. येथे तिन्हींचा भेद टिकविणे हे प्रयोजनच नाही. तो विरघळविणे हे आहे. अर्थात सत्-चित्-आनंद जसेच्या तसे उचलल्यास ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या हाती तीन गुण लागतात. पिता, पुत्र, आत्मा लागत नाहीत.

उपाध्यायांनी ही अडचण ओलांडली ती गुणांऐवजी संबंधांवर भर देऊन. टॉमस अक्वायनसच्या मार्गाने जाऊन त्यांनी ‘चित्’ म्हणजे ईश्वराचे आत्मज्ञान असा अर्थ केला : जाणणारा तो पिता, त्याच्या जाणिवेत प्रकटणारा शब्द तो पुत्र, आणि उभयतांचा परस्परानंद तो पवित्र आत्मा. येथे गोऱ्यांच्या ‘षड्दर्शनदर्पण’मधील (१८६०) आक्षेप आठवतो. ज्याला जाणण्याजोगे काहीच नाही त्याला ज्ञानस्वरूप म्हणण्यात अर्थ काय, असा त्यांचा वेदान्ताला प्रश्न होता. गोऱ्यांनी तो खंडनासाठी विचारला. उपाध्यायांच्या मांडणीत त्याचेच उत्तर मिळते, कारण जाणणारा आणि जाणलेला हा संबंध तेथे ईश्वराच्या ठायीच आहे.

तरीही दृष्टान्त एकदेशी असतो, ही शास्त्रीपंडितांची जुनी ताकीद येथेही लागू पडते. एका मनातील जाणणारा आणि जाणलेला हे दोन ‘कोणी’ होत नाहीत. स्मृती, बुद्धी व इच्छा यांचा दृष्टान्त देणाऱ्या ऑगस्टीननेही आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या, पंधराव्या भागात साम्यापेक्षा वैषम्यावरच भर दिला. उलट दिशेने पीटर, याकोब व योहान या तीन माणसांत मनुष्यत्व एकच, हा दाखला घेतला तर तीन ईश्वर मानल्याचा आरोप येतो. निस्साच्या ग्रेगरीला त्याच आरोपाचे निरसन करण्यासाठी स्वतंत्र प्रबंध लिहावा लागला.

मराठीत हा पेच एका शब्दातच सामावला आहे. त्रैक्यातील तिघांना आपण ‘व्यक्ती’ म्हणतो. आजच्या वापरात व्यक्ती म्हणजे स्वतंत्र माणूस. त्या अर्थाने वाचले तर ईश्वर तीन होतात. व्युत्पत्तीने व्यक्ती म्हणजे प्रकट होणे, अभिव्यक्ती. त्या अर्थाने वाचले तर सबेलियसची तीन रूपे परत येतात.