समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

कोसबाडच्या टेकडीवर उभे राहिले की एकीकडे वारल्यांचे पाडे आणि पश्चिमेला समुद्राची निळी रेघ दिसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ साली बोर्डीहून आपले बालशिक्षणाचे काम याच टेकडीवर आणले. आदिवासींची पोरे गुरे राखायला जातात, शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. माणूस व्यवस्थेकडे येत नसेल तर व्यवस्थेने माणसाकडे जावे, हा त्यामागचा साधा विचार. आज याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला, वाढवण येथे, देशातले सर्वांत मोठे म्हणवले जाणारे बंदर उभे राहत आहे. तेव्हा प्रश्न असा पडतो की, ही व्यवस्था माणसाकडे आली आहे की माणसाच्या अंगावर आली आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांना थोडे दूर, जपानमध्ये घेऊन जाणार आहोत.

हिरोशिमाजवळ कुरे नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे मासेमारी आणि शेती करणाऱ्यांची गावे होती. खाडी खोल, भोवती डोंगर, समोर बेटांचा आडोसा. आरमाराला अशी जागा हवीच होती. १८८९ साली तिथे जपानी आरमाराचा तळ सुरू झाला. गावे हलली, इतकेच काय, टेकडीवरचे गावकऱ्यांचे जुने देऊळसुद्धा हलविले गेले आणि त्या जागी आरमाराच्या सेनापतीचा बंगला आला. त्या लोकांना कुणी विचारले नव्हते. १९०३ साली तळाला जोडून आरमाराचा प्रचंड शस्त्र कारखाना उभा राहिला. यामातो ही त्या काळची जगातली सर्वांत मोठी युद्धनौका याच गोदीत बांधली गेली. खेड्यांचे शहर झाले, रोजगार आला, युद्धकाळात लोकसंख्या चार लाखांच्या आसपास गेली. मग १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेची विमाने आली. कारखाना गेला, शहर जळाले, बंदरात उभी असलेली जहाजे बुडाली. युद्ध संपले तेव्हा शहरात जेमतेम दीड लाख माणसे उरली होती. आरमाराने वसविलेले गाव आरमारापायीच उद्ध्वस्त झाले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जपानच्या नव्या राज्यघटनेत ९५ वे कलम आहे. एखाद्या विशिष्ट गावापुरता किंवा शहरापुरता कायदा करायचा असेल तर तिथल्या मतदारांचे बहुमत घ्यावे लागते, असे ते कलम सांगते. त्यानुसार कुरे, योकोसुका, सासेबो आणि मायझुरू या चार जुन्या आरमारी शहरांत ४ जून १९५० रोजी मतदान झाले. आरमाराच्या जमिनी आणि गोद्या शांततेच्या उद्योगांसाठी, व्यापारी बंदरांसाठी वापराव्यात काय, असा प्रश्न होता. चारही शहरांनी होकार दिला आणि कायदा झाला. पुढे कुरेमध्ये शस्त्र कारखान्याच्या जागेवर पोलादाचा कारखाना आला. १९५४ साली नौदलही नव्या नावाने परत आले, हेही सांगितले पाहिजे. तो पोलाद कारखाना २०२३ साली बंद पडला आणि २०२४ च्या मार्चमध्ये संरक्षण खात्याने ती जागा आपल्याला हवी असल्याचे सांगितले. म्हणजे प्रश्न तिथेही संपलेला नाही. पण १८८९ साली ज्यांना कुणी विचारले नाही, त्यांच्या नातवंडांना १९५० साली मतपेटीपर्यंत बोलावले गेले, हा फरक छोटा नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ.

कुरेवर बॉम्ब पडत होते त्याच १९४५ सालात डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात वेगळेच युद्ध चालू होते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही, लग्नगडी म्हणून राबणार नाही, असे त्यांनी ठरविले. जंगल आणि जमीन मुळात त्यांची, आणि तेच सावकाराच्या दारात गुलाम! गवत कापण्याची मजुरी वाढवून मागितली म्हणून १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले. हा सगळा लढा गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईच्या आरमारी तळावर ‘तलवार’ या नौदलाच्या शाळेतील खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अपमानाविरुद्ध संप पुकारला. तो हां हां म्हणता सगळ्या तळांवर पसरला. त्यांच्या पाठीशी उभा राहिला तो गिरणगावातला आणि गोदीतला कामगार. रस्त्यावर दोनशेच्या वर माणसे मारली गेली.

एकीकडे गवत कापणारा वारली, दुसरीकडे आरमारातला खलाशी. दोघांचे म्हणणे एकच होते : आमच्या घामावर तुमचे राज्य चालते, मग आम्हाला माणूस म्हणून वागवा. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन लढे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. आम्हाला ते एकाच पानावर हवे आहेत.

वाढवणची कथा आजची नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. पी अँड ओ या विदेशी कंपनीला घेऊन बंदर बांधण्याचा राज्य सरकारचा बेत या प्राधिकरणाने १९९८ साली नामंजूर केला. मच्छीमार, बागायतदार, आदिवासी सगळ्यांना वाटले, संकट टळले. ते टळले नव्हते, नुसते थांबले होते. २०१५ नंतर बंदराची फाईल पुन्हा उघडली. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत गेले. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून सुमारे १,४४८ हेक्टर नवी जमीन करायची, दहा किलोमीटरचा लाटरोधक बांध घालायचा आणि वर्षाला २९.८ कोटी टन माल हाताळायचा, असा हा आराखडा आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के.

इथे एक मेख आहे, ती वाचकांनी नीट समजून घ्यावी. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अशा भागात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. पण इथे बंदराची जमीन गावातून घ्यायचीच नाही, ती समुद्रातून तयार करायची आहे! समुद्राला सातबारा नाही. जिथे पिढ्यान्पिढ्या जाळी टाकली, जिथे मासळीची वीण होते, जिथे लहान होड्या चालतात, त्या पाण्यावर कोळ्याच्या नावाची एक ओळसुद्धा कुठल्या कागदावर नाही. गावाबाहेरच्या गायरानावर तीन पिढ्या राबूनही ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन झाली नाही, त्या आपल्या माणसाला हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसान होत नाही, हा सरकारी हिशेब आपण फार जवळून पाहिलेला आहे.

कुणी म्हणेल, मग तुम्ही विकासाच्या विरोधात आहात काय? मुळीच नाही. गावगाड्याने ज्यांना माणूस मानले नाही, ते आमचे वाडवडील कोकणातून, देशावरून मुंबईला आले आणि गोदीत, रेल्वेत, गिरणीत राबले. बंदराने त्यांना रोख मजुरी दिली, महाराची म्हणून ठरलेली कामे सुटली. बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतीवरच्या आपल्या निबंधात सांगितले होते की, शेतीवरचा भार कमी करायचा तर उद्योग वाढले पाहिजेत. तेव्हा निसर्गाच्या नावाखाली आदिवासीला आणि कोळ्याला आहे तिथेच ठेवा, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. आमचा प्रश्न यंत्राला नाही, यंत्राच्या मालकीला आहे.

म्हणूनच न्हावा-शेवाकडे पाहावे लागते. तेच बंदर प्राधिकरण इथेही मुख्य भागीदार आहे. १९८९ साली ते बंदर सुरू झाले. त्यासाठी उठविलेल्या शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन उरणच्या हनुमान कोळीवाड्यात झाले. तिथली घरे वाळवीने पोखरली आणि नीट पुनर्वसनासाठी त्या कोळ्यांना दशकानुदशके भांडावे लागले. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारच्या गळी उतरले. दान म्हणून काही मिळाले नाही, रक्त सांडून मिळाले. वाढवणमधून लाखो रोजगार येतील असे सांगितले जाते. पण आजचे कंटेनर बंदर हमालांच्या खांद्यावर चालत नाही, ते क्रेनवर आणि संगणकावर चालते. ती क्रेन चालविण्याचे शिक्षण तलासरीच्या आश्रमशाळेतल्या मुलाला कोण, कधी आणि कुठे देणार? हे आधी लिहून मिळाले पाहिजे. नाहीतर बंदरावर त्याच्या वाट्याला झाडू आणि रखवालदाराची काठी येईल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमार कुटुंबाची, होडीवर मजुरी करणाऱ्या खलाशाची आणि मासळी विकणाऱ्या बाईची नोंद झाली पाहिजे. होडीमालकांची यादी पुरेशी नाही. रस्ता आणि रेल्वेसाठी जमीन जाणाऱ्या आदिवासीला नुकसानभरपाईबरोबर कायमची नोकरी मिळाली पाहिजे. आणि ग्रामसभेचा ठराव हा नुसता फाईलला जोडायचा कागद न राहता निर्णय झाला पाहिजे.

कुरेच्या लोकांना विचारले गेले ते शहर जळून गेल्यावर, आणि नवी राज्यघटना आल्यावर. आपल्याकडे राज्यघटना पाऊणशे वर्षांपासून आहे. पाचवी अनुसूचीही तिच्यातच आहे. मग डहाणूच्या माणसाला विचारण्यासाठी आणखी काय जळावे लागणार आहे?