अग्रक्रम आणि अनुक्रम

शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकलेल्या विद्यार्थ्याला २ + ३ × ४ या पदावलीविषयी संदेह उरत नाही. गुणाकार आधी, बेरीज मागाहून, उत्तर १४. परंतु हाच विद्यार्थी पुढे संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागला आणि त्या अंकांच्या जागी, आपापला अंक पडद्यावर उमटवून मगच तो हवाली करणारी तीन फंक्शने त्याने योजिली, म्हणजे गुणाकाराला अग्रक्रम आहे, सबब दुसरे व तिसरे फंक्शन पहिल्याच्या आधी चालणार, असे अनुमान तो निःशंकपणे काढतो. ते चुकीचे आहे. अग्रक्रमाचे नियम पदावलीचा केवळ अन्वय लावितात. कोणते पद कोणत्या चिन्हाच्या ताब्यात, एवढेच ते ठरवितात. अंमलबजावणीचा क्रम त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

जावा भाषेत तो क्रम सक्तीने डावीकडून उजवीकडे आहे: पहिले फंक्शन प्रथम चालते, त्याचे फल राखून ठेवले जाते, मग दुसरे, तिसरे, नंतर गुणाकार व सरतेशेवटी बेरीज. याउलट डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडविलेल्या सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाण संहितेने हा प्रश्न बुद्ध्याच मोकळा ठेवून कंपायलरला मुखत्यारी दिली, म्हणजे यंत्राच्या मोजक्या रजिस्टरांचा काटकसरीने विनियोग करणारा क्रम त्याने निवडावा. उत्तर १४ च येते. अंक मात्र कोणत्याही क्रमाने उमटावेत. कंस घालूनही उपयोग नाही, कारण कंसाचा अंमलही अन्वयापुरताच. क्रम हवा असेल तर प्रत्येक फल निराळ्या वाक्यात निराळ्या चलात साठवावे, हे उत्तम.

सीमध्येही या मुखत्यारीला अपवाद आहेत. ‘अ || ब && क’ यात && (‘आणि’) चा अग्रक्रम || (‘किंवा’) च्या वरचा, म्हणून ब आणि क यांची जोडी बांधली जाते; तरीही तपासणी अ पासूनच सुरू होते, आणि अ सत्य ठरला तर त्या बांधलेल्या जोडीकडे यंत्र ढुंकूनही पाहत नाही. शून्याने भागाकार टाळण्याची तरतूद प्रोग्रामर याच हमीच्या बळावर करतात. ही दुहेरी चिन्हे सीमध्ये मागाहून, ॲलन स्नायडर यांच्या सूचनेवरून आली; तत्पूर्वी एकेरी & हेच चिन्ह संदर्भानुसार तार्किक ‘आणि’ व बिटनिहाय ‘आणि’ ही दोन्ही कामे करी. नवे चिन्ह आले, पण जुन्या आज्ञावल्या बिघडू नयेत म्हणून & चा अग्रक्रम तुलनेच्या == चिन्हाच्या खालीच राहू दिला गेला. ती वहिवाट अद्याप चालू आहे: ‘अ & ब == क’ असे लिहिणाऱ्याला बहुधा अ आणि ब यांच्या संयोगाची क शी तुलना अभिप्रेत असते, आणि कंपायलर मात्र ब ची क शी तुलना करून तिचा निकाल अ शी जोडतो.