साच्याचा उतार

जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. अशा मराठी विज्ञानकथा वाचत वाढलेल्या मुलांच्या मनात यानांचे आकार आपोआप तयार होत गेले. परदेशी चित्रपटांतल्या यानांची किट दुकानात मिळतात. आपण वाचताना पाहिलेलं यान टेबलावर हवं असेल, तर ते पहिल्या तुकड्यापासून स्वतःच घडवावं लागतं. या छंदातली मंडळी त्याला ‘स्क्रॅच बिल्ड’ म्हणतात.

भाज्यात, लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या घराच्या पडवीत मी असं एक यान करतो आहे. सपाट बाजूंचं काम सोपं असतं. प्लास्टिकची शीट कटरने कापायची, कडा घासायच्या, चिकटवायच्या. खरी अडचण येते ती गोलाईशी. चालकाच्या कक्षावरचा घुमट, इंधनाच्या टाक्या, नाकाडाचा फुगवटा हे कापून-चिकटवून होत नाही. तिथे व्हॅक्यूम फॉर्मिंग लागतं.

हे तंत्र सगळ्यांनी हाताळलेलं आहे, फक्त नावाने ओळखलेलं नसतं. मिठाईच्या डब्यातली खाचाखाचांची तबकडी आठवा. एकवीरेच्या जत्रेत रबराची दोरी लावून विकतात तो पातळ मुखवटा उलटा करून पाहा. पुढून नाक-गाल, मागून तोच आकार पोकळ. गरम शीट साच्यावर बसवून मधली हवा काढली की असा तुकडा निघतो.

माझं यंत्र म्हणजे प्लायवूडची बंद पेटी. वरच्या फळीला जवळजवळ भोकं पाडलेली, बाजूच्या मोठ्या भोकात घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी, सांध्यांना सिलिकॉन. शीट धरायला एकसारख्या दोन लाकडी चौकटी आणि कडेने क्लिपा. तापवायला जुना ओव्हन, जो आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. शीट हिप्सची, म्हणजे चिवट केलेल्या पॉलिस्टायरीनची, दीड मिलिमीटर जाडीची. खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण जास्त तापलेल्या स्टायरीनचा धूर छातीला वाईट.

सगळं कसब पुढच्या दोन मिनिटांत असतं. ओव्हनच्या काचेतून शीटकडे बघत राहायचं. आधी ती लाटा आल्यासारखी वाकडीतिकडी होते. नवशिका इथेच घाई करतो. थोडं थांबलं की ती पुन्हा ताणून सपाट होते आणि मग मधोमध, ओला पापड दोरीवर लोंबावा तशी, हळूच खाली झुकते. ही झुकण्याची खूण मिळाली की क्लीनर चालू करायचा, चौकट उचलायची आणि एका दमात साच्यावर दाबायची. क्षणभरात शीट साच्याला बिलगते. साच्याच्या तळाच्या कडेपर्यंत आकार स्पष्ट उमटतो. तो क्षण मी शंभरदा पाहिला असेल, तरी दर वेळी श्वास रोखला जातो.

आपण म्हणतो की क्लीनरने शीट ओढली. खरं काम बाहेरची हवा करते. आतली हवा कमी झाली की वरची हवा शीटला दाबते. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. घरगुती क्लीनर त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा वापरू देतो, तरी तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या शीटवर पावणेदोनशे किलोंचं वजन पडतं. शेजारचं लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे सात टक्के कमी जोर लावते. त्यात पावसाळा. जूनमध्ये ओतलेला प्लास्टरचा साचा आठवडाभर वाळत नाही आणि एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची शीट ओल धरून तापताना बुडबुडे देते. म्हणून मी लाकडी साचे करतो आणि जाड कामं दिवाळीनंतर काढतो.

भूमितीही सोडत नाही. अर्धगोलाचं क्षेत्रफळ त्याच्या तळाच्या वर्तुळाच्या दुप्पट असतं, म्हणजे दीड मिलिमीटरची शीट सरासरी पाऊण मिलिमीटर उरते. साच्याला आधी टेकणारा माथा लगेच थंड होऊन जाड राहतो, ताणल्या जाणाऱ्या बाजू पातळ होतात. साचा शीटच्या जाडीइतका लहान करावा लागतो. साच्याला चिकटलेली आतली बाजू रेखीव निघते, बाहेरची जराशी बोथट. म्हणून पत्र्यांच्या जोडरेषा मागाहून हाताने कोराव्या लागतात.

हेच तंत्र चित्रपटांनी मोठं केलं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या सैनिकांची शिरस्त्राणं इंग्लंडमध्ये अँड्र्यू एन्सवर्थ यांनी व्हॅक्यूम फॉर्मिंगने काढली. पुढे त्यांनी तीच विकायला काढल्यावर वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ मध्ये न्यायालयाने ठरवलं की ते शिरस्त्राण शिल्प नव्हे. चित्रपट घडवताना उपयोगी पडणारी ती एक वस्तू आहे.

माझा पहिला घुमट साच्यावरून सुटलाच नाही. आराखड्यात बाजू सरळ उभ्या होत्या, मी साचाही तसाच केला. थंड होताना प्लास्टिक आक्रसलं आणि लाकडाला घट्ट धरून बसलं. शेवटी हॅकसॉने कापून काढावं लागलं. दुसऱ्या साच्याच्या बाजूंना मी तीन अंशांचा उतार दिला. त्यावरचा घुमट अंगठ्याने ढकलताच सुटला.

त्याच संध्याकाळी लेण्यांकडे चढून गेलो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात इथला चैत्य कोरला गेला. बाजूचे अष्टकोनी खांब सरळ नाहीत, आत कललेले आहेत. लहानपणापासून ते पाहिले होते, पण त्या दिवशी मी त्यांच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. लाकडी इमारतीत छपराचा रेटा बाहेर जातो, म्हणून खांब आत कलते रोवतात. अखंड डोंगरात कोरलेल्या खांबाला त्याची काहीच गरज नव्हती. कारागिरांनी लाकडाची सवय दगडात उतरवली. कमानीसारख्या छताला तर त्यांनी खऱ्याच लाकडी फासळ्या बसवल्या, ज्या कसलाही भार पेलत नाहीत. पुढची बाजू लाकडाची होती. ती गेली, तिच्या खाचा दगडात राहिल्या.

आकार एका पदार्थातून दुसऱ्यात नेताना दोन्ही पदार्थ बोलतात. भाज्याच्या कारागिरांनी जुन्या पदार्थाचा उतार जपला, आणि लाकूडकामाबद्दलची त्यांची माया त्यातून आजही दिसते. माझ्या प्लास्टिकला मात्र नवा उतार हवा होता आणि तो दिला नाही तर आकारच हाती येत नव्हता. यानाचा आराखडा मी दुरुस्त केला. आता त्याचा घुमट वर जरा निमुळता आहे, आणि कथेतल्या यानापेक्षा मला तो जास्त खरा वाटतो.

लाकडी साचे मी फेकत नाही. कोरडे पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवतो. वरच्या लेण्यातल्या फासळ्या अजून जागेवर आहेत.