अर्काची कसोटी

वनस्पतींच्या पानांचे अर्क काढून ते रोगजंतूंवर आणि कर्करोगाच्या पेशींवर तपासण्याचे काम महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्राच्या व औषधनिर्माणशास्त्राच्या अनेक प्रयोगशाळांत दीर्घकाळ चालू असून त्यावरील शोधनिबंधांचा ओघही मोठा आहे. परंतु अशा अर्कातून रुग्णाच्या उपयोगी पडणारे औषध निघाल्याची उदाहरणे जगभरात मोजकीच आहेत, आणि ती कोणत्या वाटेने सिद्ध झाली हे पाहिल्याशिवाय या तपासणीचे खरे मोल कळत नाही.

सदाफुली हे त्यांतील सर्वांत बोलके उदाहरण होय. मूळची मादागास्करची ही वनस्पती अनेक देशांत मधुमेहावरील घरगुती औषध म्हणून प्रसिद्ध होती, आणि त्याच समजुतीची शहानिशा करण्यासाठी जमैकातून आलेली तिची पाने 1950च्या दशकात कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत तपासली गेली. अर्काने उंदरांच्या रक्तातील साखर कमी झाली नाही. मात्र तो टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. ही घट अपयश म्हणून टाकून न देता तिचाच माग काढत नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1958 साली व्हिनब्लास्टिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य, वेगळे केले. एली लिली कंपनीतील गॉर्डन स्वोबोडा यांच्या समांतर संशोधनातून पुढे व्हिनक्रिस्टिन हाती आले. पेशी दुभंगताना गुणसूत्रे ओढून नेणारे सूक्ष्म तंतू ही द्रव्ये जुळूच देत नाहीत, त्यामुळे विभाजन मध्येच थांबते. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिनक्रिस्टिनला आजही महत्त्वाचे स्थान आहे. पानांत त्याचे प्रमाण मात्र इतके अल्प असते की थोड्याशा औषधासाठी वाळलेल्या पाल्याचे ढीग लागतात.

तपासणीची सुरुवात पानाच्या ओळखीपासून होते. गोळा केलेल्या वनस्पतीचा वाळवून दाबलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक नोंदवला नाही, तर पुढील सारे निष्कर्ष नेमक्या कोणत्या वनस्पतीचे आहेत हेच कोणाला पडताळता येत नाही. त्यानंतर सावलीत वाळवलेल्या पानांची पूड हेक्झेन, मेथॅनॉल, पाणी अशा द्रावकांत भिजवली जाते आणि प्रत्येक द्रावक आपल्या स्वभावानुसार निरनिराळी द्रव्ये ओढून घेतो, म्हणून एकाच पानाचे दोन अर्क गुणाने अगदी भिन्न ठरू शकतात.

जंतुरोधक गुण पाहण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे जिवाणू पसरलेल्या अगरच्या बशीत लहान खळगा पाडून त्यात अर्क भरणे आणि भोवती जिवाणू न वाढलेले वलय मोजणे. या वलयावर मात्र फार भिस्त ठेवता येत नाही, कारण त्याची रुंदी द्रव्य अगरमधून किती सहज पसरते यावरही अवलंबून असते. म्हणून ज्या सर्वांत कमी मात्रेत जिवाणूंची वाढ थांबते ती किमान रोधक मात्रा काढणे आवश्यक ठरते. एका मिलिलीटरमध्ये कित्येक मिलिग्रॅम अर्क घातल्यावर दिसलेला परिणाम औषधाच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक असतो, आणि असे निष्कर्ष ‘प्रभावी’ म्हणून छापले जातात ही खेदाची गोष्ट आहे.

कर्करोगाच्या तपासणीत बशीत वाढवलेल्या पेशींना अर्क देऊन त्यांतील किती जगल्या हे एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने पाहतात, कारण जिवंत पेशी त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. पानांतील काही द्रव्ये पेशींविनाही हा रंग पालटवू शकतात, म्हणून केवळ अर्क आणि रंगद्रव्य असलेली, पेशीविरहित बशी शेजारी ठेवावीच लागते. याहून महत्त्वाची तुलना निरोगी पेशींशी करायची असते. जो अर्क दोन्ही प्रकारच्या पेशी सारख्याच मात्रेत मारतो, तो कर्करोगविरोधी नव्हे, निव्वळ विषारी होय.

या परीक्षेनंतरचा प्रवास किती लांब असतो हे नंदुरबारमध्ये जन्मलेल्या मनसुख वाणी यांच्या कार्यावरून दिसते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल आणि वाणी यांनी चिनी वृक्ष कॅम्प्टोथेका याचा अर्क टप्प्याटप्प्याने विभागून आणि प्रत्येक भाग पुन्हा तपासून 1966 साली कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. याच जोडीने 1971 साली टॅक्सॉल या दुसऱ्या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. कॅम्प्टोथेसिनच्या पहिल्या मानवी चाचण्या 1970च्या दशकात मूत्राशयावरील तीव्र दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. ते द्रव्य डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-1 या विकराला अडवते हे 1985 साली उमगल्यानंतर त्याच्या रेणूत बदल करून घडवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे 1996 साली अमेरिकेत मान्य झाली.

हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतील नरक्या या झाडात असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी 1972 साली दाखवले होते, आणि मागणी वाढल्यावर या झाडांची बेसुमार तोड झाली. नरक्याच्या पानांतील प्रमाण खोड-मुळांपेक्षा कमी असले, तरी पाला पुन्हा फुटतो. म्हणूनच पानांतून, ऊतिसंवर्धनातून आणि झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशींतून हे द्रव्य मिळवण्याचे प्रयत्न चालू असून त्यांकडे औषधाइतक्याच आस्थेने पाहिले जाणे आवश्यक आहे.